डॉक्टर मार्जरी वॉरनबाई आणि अंथरुणास खिळलेले वृद्ध

घरात एखादे म्हातारे माणूस अंथरुणास खिळले म्हणजे आपण काय करितो? त्याला वेळेवर पेज देतो, पांघरूण सारखे करितो, शेजारीपाजारी येऊन विचारपूस करून जातात. आणि मग सर्वांच्या मनात एकच गोष्ट ठरून जाते की, आता हे असेच चालावयाचे. वय झाले, ह्याला औषध नाही. इंग्लंड देशात मोठमोठी इस्पितळे आणि नामांकित वैद्य होते, तरी तेथेही नव्वद-शंभर वर्षांपूर्वी लोकांची समजूत हीच होती. ती समजूत चुकीची आहे हे ज्या बाईंनी एकेका रुग्णाच्या खाटेशी उभे राहून दाखवून दिले, त्या डॉक्टर मार्जरी वॉरन ह्यांची हकीकत आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो. वृद्धांच्या दुखण्यांविषयीच्या शास्त्रास जेरिॲट्रिक्स असे नाव आहे, आणि त्या शास्त्राची जननी म्हणून देशोदेशींचे वैद्य ह्या बाईंचे नाव घेतात.

वॉरनबाईंचा जन्म लंडन शहरी २८ ऑक्टोबर १८९७ रोजी झाला. वडील बॅरिस्टर होते. पाच बहिणींत ह्या सर्वांत वडील. मुलींनी डॉक्टरी शिकावी की नाही ह्याविषयी त्या काळी तेथेही वाद होताच. तथापि लंडनमध्ये स्त्रियांसाठी निराळे वैद्यक विद्यालय निघालेले होते, तेथे शिकून त्या १९२३ साली डॉक्टर झाल्या. पुढे १९२६ साली लंडनच्या पश्चिमेस आयलवर्थ येथील इस्पितळात त्यांना नोकरी मिळाली. ह्याच इस्पितळास पुढे वेस्ट मिडलसेक्स हे नाव पडले. बाईंचा ओढा मूळचा शस्त्रक्रियेकडे होता. वृद्धांच्या सेवेस वाहून घ्यावे असा काही संकल्प करून त्या तेथे गेल्या नव्हत्या, हे आम्हांस मुद्दाम सांगावेसे वाटते. काम त्यांच्याकडे चालून आले, आणि त्यांनी ते टाळले नाही.

ते कसे आले हे समजण्यास इंग्लंडातील एक जुनी व्यवस्था ठाऊक असली पाहिजे. १८३४ सालच्या कायद्याने तेथे गोरगरिबांसाठी ठिकठिकाणी आश्रयगृहे उघडण्यात आली. त्यांस वर्कहाऊस म्हणत. लोकांनी सहजासहजी तेथे येऊ नये म्हणून ती बुद्ध्याच रूक्ष व कडक ठेविली होती. अंगात बळ असलेले गरीब हळूहळू तेथून निघून गेले, आणि मागे राहिले ते म्हातारे, पांगळे व कायमचे आजारी. १९२९ साली नवा कायदा होऊन पुढील वर्षी ही आश्रयगृहे स्थानिक सरकारी मंडळांच्या ताब्यात आली. त्याच ओघात १९३५ साली वेस्ट मिडलसेक्स इस्पितळाने शेजारचे आश्रयगृह आपल्याकडे घेतले, आणि त्यातील जुनाट दुखण्याच्या ७१४ रुग्णांचा भार वॉरनबाईंवर पडला.

हे ७१४ जीव लांबच लांब वॉर्डांत खाटांच्या रांगांवर पडून होते. ज्याला पक्षाघात झालेला तो, ज्याची मांडी मोडून कधीच नीट जुळली नाही तो, ज्याचे भान गेलेले तो, आणि ज्याला केवळ घर नाही म्हणून आणून ठेविलेले तो, सारे एकाच रांगेत. कित्येकांस नेमके काय झाले आहे ह्याचा शोध कोणी घेतलाच नव्हता. नोंद एवढीच की, माणूस म्हातारे आहे व अंथरुणात आहे. निजलेला माणूस सांभाळावयास सोपा, म्हणून निजविलेला. आणि निजून राहिला म्हणून पुढे उठण्याजोगा उरला नाही.

बाईंनी पहिले काम केले ते असे की, प्रत्येक रुग्णास स्वतः तपासिले. वाचकांस हे साधे वाटेल. परंतु सातशेंहून अधिक माणसे एकेक करून तपासावयाची, प्रत्येकाचे दुखणे, त्याची ताकद, त्याची बुद्धी, त्याचे मलमूत्रावरील नियंत्रण ह्यांची टिपणे करावयाची, ह्याला केवढी चिकाटी लागली असेल! ह्या तपासणीवरून त्यांनी रुग्णांचे पाच वर्ग पाडिले. उठून बसू शकणारे. अंथरुणास खिळलेले परंतु देहधर्मांवर ताबा असलेले. तो ताबा गेलेले. बुद्धी गोंधळलेली पण शांत स्वभावाचे. आणि इतरांस उपद्रव होईल असे भ्रमिष्ट. एका वर्गास जे हितकर ते दुसऱ्यास नव्हे. शुद्धीवर असलेल्या एखाद्या म्हातारीस रात्रभर ओरडणाऱ्या वेड्याशेजारी निजविणे हा केवढा अन्याय आहे, हे वर्ग पाडल्यावरच लोकांच्या ध्यानात आले.

दुसरी गोष्ट त्यांच्या ध्यानात आली ती ह्याहून मोठी होती. ज्याला सगळे म्हातारपण म्हणत होते, त्यातील पुष्कळसा भाग खाटेनेच आणलेला होता. माणूस आठवडेच्या आठवडे पडून राहिले की पायांतील मांस झडते, गुडघे आखडून वाकडे होतात आणि मग सरळ होत नाहीत. पाठ, माकडहाड व टाचा ह्यांवर भार पडून कातडी काळवंडते व तेथे जखमा होतात. वेळेवर भांडे न मिळाल्याने अंथरूण ओले होऊ लागते. आणि शेवटी कोणाशी बोलणे नाही, काही पाहणे नाही, म्हणून बुद्धीही मंदावते. मग त्या माणसाकडे बोट दाखवून लोक म्हणत, पाहा, वय किती वाईट!

येथे आम्ही घरची एक गोष्ट सांगतो. आमची आजी एकदा पडवीत घसरून पडली. हाड मोडले नव्हते. तरी आम्ही सर्वांनी मिळून तिला माजघरातील बाजेवर निजविले, आणि ती उठू लागली की प्रत्येक जण धावत जाऊन तिला परत निजवी. पाणी हातात, जेवण हातात. महिनाभराने ती खरोखरच उठू शकेना, तेव्हा आम्ही म्हटले की पडल्यामुळे असे झाले. त्यात मायेची कसर कोठेच नव्हती, आणि म्हणूनच ती गोष्ट आठवली की आम्हांस अधिक लागते.

वॉरनबाईंनी वॉर्डांचे रूप पालटले. भिंतींना उबदार फिकट रंग दिला, दिवे वाढविले, खाटांवर रंगीत पांघरुणे आली, प्रत्येकाच्या उशाशी त्याच्या वस्तूंसाठी लहानसे कपाट आले, ऐकावयास रेडिओ आला. उठताना धरण्यास भिंतीला कठडे लाविले, आणि ज्यांवरून सहज उठता येईल अशा उंच खुर्च्या ठेविल्या. कोणी म्हणेल, रंगीत पांघरुणाने पक्षाघात बरा होतो काय? होत नाही. परंतु ज्या माणसाला सकाळी उठावे असे काही कारणच उरलेले नाही, त्याला उठविणार कसे?

औषध देणारा डॉक्टर एकटा पुरत नाही, हे त्या वारंवार सांगत. परिचारिका, व्यायाम करवून घेणाऱ्या बाया, हातांस काम शिकविणारे, घरच्यांची चौकशी करून त्यांना तयार करणारे, ह्या सर्वांनी एकाच रुग्णाचा विचार एकत्र बसून करावा अशी त्यांची रीत होती. त्यांत परिचारिकेचा वाटा सर्वांत मोठा, कारण दिवसाचे चोवीस तास ती तेथे असे. अर्धांग गेलेल्यास प्रथम खाटेच्या कडेवर बसविणे, मग उभे करणे, मग काठीने दोन पावले चालविणे. ज्यांचे पाय कापलेले त्यांना कृत्रिम पायावर तोल सांभाळावयास शिकविणे, असे काम सुरू झाले. सर्वच उठले असे नाही. कित्येक फार उशिरा हाती आले होते, त्यांचे आखडलेले गुडघे सरळ झाले नाहीत. परंतु वर्षानुवर्षे निजलेली पुष्कळ माणसे चालू लागली, आणि त्यांतील कित्येक आपल्या घरी परत गेली. अखेरीस ७१४ खाटांच्या जागी सुमारे २४० खाटांत काम भागू लागले, आणि उरलेल्या खाटा इतर रुग्णांच्या उपयोगी पडल्या.

हा सर्व अनुभव त्यांनी महायुद्धाच्या धामधुमीत, १९४३ साली, ब्रिटिश मेडिकल जर्नल ह्या पत्रात छापिला, आणि १९४६ साली लॅन्सेट ह्या दुसऱ्या प्रसिद्ध पत्रात पुन्हा मांडला. वृद्ध रुग्णांस गावाबाहेर निराळे टाकू नये. सर्वसाधारण इस्पितळातच त्यांचा स्वतंत्र विभाग असावा, म्हणजे तपासणीची सर्व साधने त्यांनाही मिळतील. आणि वैद्यकाच्या विद्यार्थ्यांस व परिचारिकांस ह्या कामाचे शिक्षण तेथेच द्यावे, असे त्यांचे म्हणणे होते. पुष्कळ डॉक्टरांस हे रुचले नाही. म्हाताऱ्यांची चिकित्सा करण्यात त्यांना ना विद्या दिसे, ना मान. तरी १९४७ साली समविचारी डॉक्टरांनी वृद्धांच्या शुश्रूषेसाठी एक मंडळ स्थापन केले, त्यात वॉरनबाई आरंभापासून होत्या. पुढे १९५९ साली ह्या मंडळाने ब्रिटिश जेरिॲट्रिक्स सोसायटी हे नाव घेतले. त्याच १९४७ साली रिचर्ड ॲशर नावाच्या लंडनच्या डॉक्टरांनी निजून राहण्याच्या धोक्यांवर एक लेख लिहिला, तो फार गाजला. बाई तीच गोष्ट वॉर्डात कित्येक वर्षे करून दाखवीत होत्या.

त्यांनी लग्न केले नाही. त्याच इस्पितळात त्यांनी आयुष्याचा मोठा भाग घालविला, आणि व्याख्यानांसाठी दूरदूरच्या देशांस त्या जाऊन आल्या. १९६० सालच्या सप्टेंबर महिन्यात जर्मनीतील एका परिषदेस जात असता वाटेत मोटारीचा अपघात होऊन त्या मरण पावल्या. वय ६२ वर्षांचे होते. ज्या वार्धक्याचा त्यांनी इतका अभ्यास केला, ते स्वतः त्यांच्या वाट्यास आले नाही.

त्यानंतर दोनच वर्षांनी, १९६२ साली, लंडनमध्येच एक पुस्तक निघाले. डोरीन नॉर्टन ह्या परिचारिकेने दोघा सहकाऱ्यांसह इस्पितळातील वृद्धांच्या शुश्रूषेचा पद्धतशीर शोध करून ते लिहिले होते. पाठीच्या जखमा होऊ नयेत म्हणून नाना तऱ्हेची मलमे व पाणी चोळण्याची चाल होती; नॉर्टनबाईंनी ती तपासून पाहिली, तेव्हा चोळण्याने लाभ दिसेना. लाभ दिसला तो वरचेवर कूस बदलण्याने. कोणत्या रुग्णास धोका अधिक हे आधी कळावे म्हणून त्यांनी पाच गोष्टी ठरविल्या: देहाची स्थिती, मनाची स्थिती, चालणेफिरणे, हातपाय हलविण्याची शक्ती, आणि मलमूत्रावरील ताबा. प्रत्येकीस १ पासून ४ पर्यंत गुण. बेरीज १४ किंवा त्याहून कमी भरली की त्या खाटेशी परिचारिकेने घड्याळ लावून यावयाचे, आणि रुग्णाची कूस बदलावयाची, मग तो झोपेत का असेना.