पालीसाठी सिंहलद्वीपी

उलव्याची टेकडी कापून सपाट केलेल्या जागेवर उभारलेल्या नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ रोजी प्रवासी विमाने उडू लागली. सिंगापूर, जपान वा कोरियात शिकण्यास निघणाऱ्या विद्यार्थ्यांच्या घरी शुल्क, शिष्यवृत्ती आणि व्हिसा यांचा हिशेब आधी मांडला जातो. सव्वाशे वर्षांपूर्वी विद्येसाठी गोव्यातून निघून सिंहलद्वीप आणि ब्रह्मदेश गाठणाऱ्या धर्मानंद कोसंबी यांच्यापाशी ना पदवी होती, ना पैसा, ना कुणाचे निमंत्रण.

९ ऑक्टोबर १८७६ रोजी सांखवाळ येथे जन्मलेल्या कोसंबींचे शालेय शिक्षण बेताचेच झाले. घरच्या नारळीच्या बागा सांभाळत असताना १८९७ च्या सुमारास 'बालबोधमेवा' या मासिकातील बुद्धचरित्र त्यांच्या वाचनात आले आणि बुद्धाचा धर्म मुळातून जाणून घेण्याचा ध्यास त्यांनी घेतला. १८९९ च्या डिसेंबरात त्यांनी घर सोडले, तेव्हा पदरी काही महिन्यांची मुलगी होती. त्यांच्या चरित्रातील हा भाग अवघड आहे. या ज्ञानलालसेचे कौतुक होते आणि ते रास्तही आहे. परंतु मागे राहिलेल्या बाळाबाईंना पतीची जवळजवळ सात वर्षे वाट पाहावी लागली, ही त्या विद्येची दुसरी किंमत होय.

पुण्यात डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांची भेट घेऊन कोसंबी पुढे काशीस गेले. तेथे अन्नछत्रात जेवून त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. १९०२ मध्ये मोठ्या आशेने ते नेपाळला पोहोचले, मात्र तेथील बौद्ध धर्माची अवस्था पाहून त्यांची निराशा झाली. बुद्धगया आणि कलकत्तामार्गे त्याच वर्षी त्यांनी कोलंबो गाठले आणि तेथील विद्योदय परिवेणात आचार्य सुमंगल यांच्या हाताखाली पालीचा अभ्यास सुरू केला.

बुद्धाच्या देशातील माणसाला बुद्धवचन शिकण्यासाठी समुद्र ओलांडावा लागला, याला कारण होते. पालीला स्वतःची अशी लिपी नाही. सिंहलद्वीपात ती सिंहली लिपीत, तर ब्रह्मदेशात बर्मी लिपीत लिहिली जाई. तेथील विहारांत अध्यापनाची परंपरा टिकून होती. भारतात ती केव्हाच खंडित झाली होती. कोलंबोचा आहार न मानवल्याने कोसंबी मद्रासला आले आणि तेथून ब्रह्मदेशात गेले. तेथे त्यांनी भिक्षूची दीक्षा घेतली.

१९०६ मध्ये ते कलकत्त्यात पाली शिकवू लागले आणि पुन्हा संसारी झाले. मराठी मुलखात पाली रुजावी, ही त्यांची इच्छा होती. महाराष्ट्रात राहून ग्रंथलेखन करावे, या अटीवर सयाजीराव गायकवाड यांनी दरमहा ५० रुपये देऊ केले. कलकत्त्याचा मोठा पगार सोडून कोसंबींनी ते स्वीकारले. व्यवहारी माणसाला हा निर्णय वेडेपणाचाच वाटला असता. १९१२ पासून सहा वर्षे त्यांनी फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवली. पु. वि. बापट यांच्यासारखे विद्वान त्यांच्याच शिकवणीतून तयार झाले.

त्याआधी १९१० मध्ये हार्वर्डने त्यांना बोलावून घेतले होते. हेन्री क्लार्क वॉरन यांच्या निधनामुळे 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाच्या संपादनाचे काम अपुरे राहिले होते. सिंहली आणि बर्मी हस्तलिखिते ताडून पाहण्यासाठी दोन्ही लिपी वाचू शकणारा जाणकार हवा होता. कोलंबो आणि ब्रह्मदेशातले शिक्षण येथे कामी आले. परंतु श्रेयावरून प्राध्यापक लॅनमन यांच्याशी मतभेद झाले आणि १९१२ मध्ये कोसंबी परतले. पुढे आणखी तीनदा ते अमेरिकेस गेले. १९१८ मध्ये मुलगा दामोदर सोबत होता. पुढे हार्वर्डमध्येच शिकून तो गणितज्ञ आणि इतिहासकार म्हणून ख्यातकीर्त झाला.

१९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात कोसंबींनी तुरुंगवास भोगला. १९४० मध्ये भारतीय विद्या भवनाने 'विसुद्धिमग्ग' देवनागरीत छापला. आता तो वाचण्यासाठी मराठी विद्यार्थ्याला परकी लिपी शिकण्याची गरज उरली नाही. जून १९४७ मध्ये सेवाग्राम येथे अन्नत्याग करून कोसंबींनी देह ठेवला. हार्वर्डची आवृत्ती १९५० मध्ये निघाली आणि तिच्यावर वॉरन यांच्यासोबत कोसंबींचेही नाव छापले गेले.