पेटंट होते, भांडवल नव्हते

‘भारताचे एडिसन’ म्हणून गौरवले गेलेले शंकर आबाजी भिसे यांचा जन्म २९ एप्रिल १८६७ रोजी मुंबईत झाला. सरकारी हिशेब कचेरीतील नोकरी सांभाळून त्यांनी मुंबईत सायंटिफिक क्लब स्थापन केला आणि ‘विविध कलाप्रकाश’ मासिकातून विज्ञान मराठी वाचकांपर्यंत पोहोचवले. किराणा माल आपोआप तोलून देणाऱ्या यंत्राच्या आराखड्याला लंडनमधील स्पर्धेत पारितोषिक मिळाले आणि भिसे इंग्लंडला गेले. तेथे दादाभाई नौरोजींचा भक्कम आधार त्यांना लाभला.

छापखान्यासाठी वेगाने खिळे ओतणारे ‘भिसोटाइप’ हे त्यांचे सर्वांत महत्त्वाकांक्षी यंत्र. पेटंटमुळे इतरांना नक्कल करण्यापासून रोखता येते; कारखाना उभारण्याचा पैसा मात्र त्यातून मिळत नाही. त्या काळी इंग्लंडमध्ये पेटंटची मुदत १४ वर्षांची होती. भांडवलदारांची मनधरणी करण्यात जाणारे प्रत्येक वर्ष या मुदतीतूनच वजा होई. शिवाय लायनोटाइप आणि मोनोटाइप यांच्या धनाढ्य कंपन्यांनी बाजारपेठ व्यापली होती. समाजवादी नेते हाइंडमन यांचे साह्य अपुरे पडले आणि १९०८ मध्ये भिसे मायदेशी परतले. पुढे गोपाळ कृष्ण गोखले यांच्या मध्यस्थीने जमशेटजींचे धाकटे पुत्र सर रतन टाटा यांनी पाठबळ दिले. भिसे पुन्हा परदेशी गेले आणि अखेर अमेरिकेत स्थायिक झाले. आयोडीनयुक्त ‘अॅटोमिडीन’ या औषधाने त्यांना तेथे नाव मिळवून दिले. खिळ्यांच्या यंत्राला मात्र अपेक्षित यश लाभले नाही. सुमारे २०० शोध आणि ४० पेटंट नावावर असलेल्या या संशोधकाचे ७ एप्रिल १९३५ रोजी न्यूयॉर्कमध्ये निधन झाले.

भांडवलाअभावी पडून राहिलेली अशीच पेटंट आज ‘पेटंट ट्रोल’ स्वस्तात विकत घेतात. स्वतः काहीही न बनवता ते उत्पादकांना नोटिसा धाडतात आणि खटल्याच्या खर्चाची धास्ती घालून तडजोडीची रक्कम वसूल करतात. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ‘ईबे’ खटल्यात, पेटंटभंग सिद्ध होताच मनाई हुकूम आपोआप मिळणार नाही, असा निर्णय देऊन या दबावाला काहीसा आळा घातला. भारताच्या १९७० च्या कायद्यानुसार पेटंटचा प्रत्यक्ष वापर होतो की नाही, याची माहिती धारकाला द्यावी लागते. वापर होत नसल्यास, पेटंट मंजूर झाल्यापासून तीन वर्षांनी सक्तीच्या परवान्यासाठी दुसऱ्याला अर्ज करता येतो. पडीक पेटंटच्या अडवणुकीवर हा उपाय आहे. भिसे यांच्यासारख्या संशोधकाला वेळेवर भांडवल कोण देणार, या प्रश्नाला मात्र त्यात उत्तर नाही.