अर्ध्या इंचाचा हिशेबनीस

कात्रजला आमच्या मागच्या गॅलरीत सहा फूट बाय तीन फुटांचा प्लायवूड टाकलेला आहे. त्यावर माझा आणि नातवाचा समाईक संसार चालतो. रुळांचे एक लंबगोल, एक स्टेशन, एक पूल आणि कागदाच्या लगद्याचा कात्रजचा घाट, बोगद्यासकट. खऱ्या कात्रजला रेल्वे कधीच आली नाही. नानासाहेब पेशव्यांनी इथल्या तलावाचे पाणी थेट शनिवारवाड्यापर्यंत नेले, पण साताऱ्याकडे जाणारी आगगाडी मात्र शिंदवणे घाटाने वळून गेली. ती उणीव आम्ही गॅलरीत भरून काढली आहे. हे वेड लागले ते कोथरूडला. तिथे भाऊ जोशी यांनी १९९८ साली उघडलेले छोट्या रेल्वेगाड्यांचे संग्रहालय आहे. एका सुट्टीत नातवाला घेऊन गेलो आणि दोघेही बाधित होऊन परतलो.

गेल्या दिवाळीत मी आमच्या घाटासाठी धातूचा एक ट्रक आणला. विकणाऱ्याने सांगितले होते की रेल्वेच्या मापाचाच आहे. ट्रक पुलाखाली अडकला. नातू आठवीत आहे. त्याने कंपासपेटीतली पट्टी काढून ट्रकची रुंदी मोजली, ती एकोणचाळीस मिलिमीटर भरली. खरा ट्रक अडीच मीटर रुंद धरला, तर हा चौसष्टात एक या प्रमाणाचा झाला. आमचे इंजिन आणि डबे शहात्तरात एक. त्या हिशेबाने ट्रक तेहतीस मिलिमीटरच हवा होता. मी म्हटले, सहा मिलिमीटरने काय बिघडते, पूल जरा उचलू. तो काही बोलला नाही. पण ती नजर माझ्या ओळखीची होती. बँकेत दिवसअखेर सात पैशांचा फरक निघाला की रात्री नऊपर्यंत लेजर चाळत बसणाऱ्यांत मीही होतो. फरक सात पैशांचा असो की सात हजारांचा, तो फरकच, हे मीच नवीन मुलांना शिकवत असे.

या साऱ्या खेळाच्या मुळाशी जो माणूस आहे, तोही हिशेबनीसच निघाला, हे मला फार उशिरा कळले. फ्रँक हॉर्नबी. जन्म १५ मे १८६३, लिव्हरपूल. वडिलांचा किराणा मालाचा व्यापार. सोळाव्या वर्षी शाळा सुटली आणि फ्रँक वडिलांच्याच पेढीवर कॅशियर झाला. १८८७ मध्ये क्लारा नावाच्या शिक्षिकेशी लग्न, पुढे रोलंड आणि डग्लस हे मुलगे. १८९९ मध्ये वडील वारले, व्यापार बंद पडला, आणि छत्तीस वर्षांचा हा गृहस्थ एलियट नावाच्या मांस आयात करणाऱ्या व्यापाऱ्याकडे हिशेब लिहू लागला. इंजिनिअरिंगचे शिक्षण शून्य.

मुलांसाठी तो घरी पत्रा कापून पूल आणि क्रेन बनवायचा. अडचण अशी की प्रत्येक खेळण्यासाठी नवे भाग कापावे लागत. पूल मोडला की त्याचे तुकडे क्रेनला लागत नसत. त्यावर त्याने काढलेला तोडगा दिसायला अगदी साधा आहे. सगळ्या पट्ट्या अर्धा इंच रुंद, आणि सगळ्यांना अर्ध्या-अर्ध्या इंचावर सारखी भोके. म्हणजे कोणतीही पट्टी कोणत्याही पट्टीला बोल्टने जोडता येते. क्रेन सोडवा, पूल करा. मला यात जमाखर्चाची वही दिसते. सगळे रकाने एका मापाचे असले की आडवी बेरीजही जुळते आणि उभीही.

पेटंटसाठी त्याच्याकडे पैसे नव्हते. मालकाकडून पाच पौंड उसने घेतले आणि जानेवारी १९०१ मध्ये पेटंट मिळवले. पुढे तोच एलियट भागीदार झाला. १९०२ मध्ये पहिले संच विक्रीला आले. सोळा प्रकारचे भाग, बारा नमुन्यांचे पत्रक, किंमत साडेसात शिलिंग. १९०३ मध्ये दीड हजार संच खपले, तरी नफा काहीच नाही. १९०७ मध्ये त्याने नोकरी सोडली, लिव्हरपूलमध्येच भाड्याची जागा घेऊन भाग स्वतः बनवायला सुरुवात केली आणि खेळण्याचे नाव ‘मेकॅनो’ ठेवले. तेव्हा तो चव्वेचाळीस वर्षांचा होता. त्या वयात मी व्हाउचर पास करत होतो आणि रात्री कादंबरीची पाने लिहीत होतो. नोकरी सोडायचा विचार वर्षातून दोनदा यायचा, हप्त्यांचा विचार महिन्यातून एकदा. मी निवृत्तीपर्यंत थांबलो. हॉर्नबीचा मला हेवा वाटतो तो इथे, त्याच्या पुढच्या लक्षाधीशपणाचा नव्हे.

पुढचे यश सर्वांना ठाऊक आहे. १९२० मध्ये त्याच्या नावाच्या चावीच्या आगगाड्या निघाल्या. १९३१ ते १९३५ तो एव्हर्टन मतदारसंघाचा खासदारही होता, पण तो भाग मला तितका रंजक वाटत नाही.

आमचा ट्रक या चरित्रात शिरतो तो १९३३ च्या डिसेंबरात. रेल्वेच्या स्टेशनावर हमाल आणि प्रवासी हवेत म्हणून कंपनीने ओतीव धातूची चित्रे काढलीच होती. आता स्टेशनाबाहेर उभ्या करायला सहा वाहनांचा संच काढला. त्यात स्पोर्ट्स कार, ट्रक, माल पोचवणारी व्हॅन, ट्रॅक्टर आणि चक्क एक रणगाडाही होता. १९३४ मध्ये या मालिकेला ‘डिंकी टॉइज’ हे नाव मिळाले. मोटारी आल्या त्या आगगाडीच्या पाहुण्या म्हणून आणि काही वर्षांत घराच्या मालकीण झाल्या. मुले रेल्वेशिवायच त्या घेऊ लागली.

आणि इथेच अर्ध्या इंचाच्या माणसाच्या कारखान्यात माप सैल झाले. त्या आगगाड्या साधारण त्रेचाळीसात एक प्रमाणाच्या. मोटारी कधी त्याच्या आसपास, कधी नाही. १९३८ ची दुमजली बस सुमारे चार इंच लांब होती. खरी बस सव्वीस फुटांची, म्हणजे प्रमाण ऐंशीत एकच्या जवळ गेले. ही बस आणि मोटार शेजारी ठेवली, तर मोटारीतल्या माणसाला बसच्या दारातून आत जाता येणार नाही. यात फसवणूक नव्हती. किंमत परवडावी, खोका लहान राहावा, बस मुलाच्या मुठीत मावावी, ही कारणे होती. पेटी ठरलेली, वाहन त्यात बसवायचे. आजही निम्मी खेळणी याच न्यायाने बनतात आणि ट्रक व मोटार एकाच लांबीची निघते.

धातूनेही दगा दिला. जस्ताच्या मिश्रणात शिशाचा अंश गेला की ओतकाम वर्षानुवर्षांनी आतून तडकते, फुगते आणि शेवटी भुगा होते. महायुद्धाआधीच्या कित्येक डिंकी अशा गेल्या. मापाच्या चर्चेत मला ही गोष्ट विलक्षण वाटते, कारण ते वाहन कपाटात ठेवल्या ठेवल्या लांबीने वाढते.

२१ सप्टेंबर १९३६ रोजी हॉर्नबी वारला. हृदयविकार होता, त्यात मधुमेह. रोलंडने कारभार घेतला आणि १९३८ मध्ये लहान मापाची ‘डब्लो’ रेल्वे आली. शहात्तरात एक, आमची तीच. तिला जुळणारी छोटी वाहने काढायला कंपनीला १९५७ साल उजाडले. तोवर मुलांनी एकोणीस वर्षे काय केले असेल? आपल्याकडे तर सत्तरच्या दशकात डिंकीचे जुने साचे घेऊन कोलकात्यात ‘निकी’ नावाच्या मोटारी बनत. माझ्या मामाने आणलेली एक मी बरीच वर्षे जपली होती. प्रमाण मोजायचे तेव्हा सुचलेसुद्धा नाही.

मूळ कंपनी १९६४ मध्ये विकली गेली, लिव्हरपूलचा कारखाना १९७९ मध्ये बंद झाला. हॉर्नबी हे नाव मात्र खोक्यांवर राहिले.

हे सगळे मी नातवाला सांगितले ते अर्थात माझी बाजू मांडायला. जिथे जोडायचे तिथे माप काटेकोर हवे, बाकी ठिकाणी हात जरा सैल सोडावा, असे माझे म्हणणे. हॉर्नबीनेही भोकांत तडजोड केली नाही, बसमध्ये केली. नातवाला ते मान्य नाही. त्याच्या मते ट्रकला पुलाखालून जायचे आहे, म्हणजे तोही जोडण्याच्याच जागी आहे. याला माझ्याकडे उत्तर नव्हते.

शेवटी तडजोड झाली. ट्रक बोर्डाच्या पुढच्या कडेला, बघणाऱ्याच्या अगदी जवळ उभा केला. जवळची वस्तू मोठी दिसणे रास्तच. बोगद्याच्या तोंडाशी, दूरवर, त्याहून लहान प्रमाणाची एक लाल बस ठेवली, त्यामुळे घाट उगीचच लांब वाटतो. ट्रकने पुलाखालून जायचे नाही, एवढी अट.

परवा त्याने वहीत नवा हिशेब मांडला. आपल्याकडचे ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर. शहात्तरात एक धरले तर रूळ बावीस मिलिमीटर अंतरावर हवेत. आमचे साडेसोळावर आहेत. त्या रुळांवर खरे भारतीय इंजिन चालवायचे, तर ते जवळजवळ शंभरात एक करावे लागेल. इंग्रजांचे स्वतःचे तरी कुठे जुळते? त्यांच्या रुळांनाही या प्रमाणात जवळपास एकोणीस मिलिमीटर लागतात. हे मी त्याला दाखवले. तो वही मिटून आत गेला. रूळ उखडायचे की नाही, याविषयी घरात अजून बोलणे झालेले नाही.