वीस वर्षं वाट पाहणारे ब्यूखी

बदलापूर लोकलने येता-जाता कल्याणला डिझेल इंजिनाची बारीक शिट्टी कधी ऐकलीय? ती टर्बोची! त्याचे जनक आल्फ्रेड ब्यूखी. जन्म १८७९, स्वित्झर्लंडमधलं विंटरथुर. एक्झॉस्टच्या वाया जाणाऱ्या गरम वायूंवर टर्बाइन फिरवून सिलिंडरमध्ये जादा हवा कोंबायची, या कल्पनेच्या पेटंटसाठी त्यांनी १९०५ साली अर्ज केला. खरं यश आलं १९२५ मध्ये. शक्ती ४० टक्क्यांहून जास्त वाढली. १९५९ मध्ये ते वारले.

आपले काही बहाद्दर मात्र रविवारच्या सुट्टीत साध्या पेट्रोल गाडीला टर्बो बसवायला निघतात. आधीच दाबलेली हवा, त्यात कॉम्प्रेशन रेशो १०:१. नॉकिंग होऊन पिस्टन फुटू शकतो. म्हणून आधी रेशो उतरवा, मगच टर्बो. ब्यूखींनी वीस वर्षं कळ काढली, आपण निदान गणित तरी करू!