अलेसांद्रो व्होल्टा : पहिली बॅटरी आणि तिची गळती

सुट्टीनंतर कपाटातला टॉर्च काढला, तर तो लागेना. उघडून पाहिलं, तर सेलभोवती पांढरी पूड आणि स्प्रिंग गंजलेली! ही गळतीची अडचण बॅटरीइतकीच जुनी आहे.

बॅटरीचे जनक अलेसांद्रो व्होल्टा यांचा जन्म १८ फेब्रुवारी १७४५ रोजी इटलीतील कोमो येथे झाला. लहानपणी ते खूप उशिरा बोलू लागले. वडीलही लवकर वारले. पण मुलगा हुशार निघाला. १७७४ मध्ये ते कोमोच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवू लागले. पुढे पाव्हिया विद्यापीठात प्राध्यापक झाले.

त्याकाळी गॅल्व्हानी नावाच्या शास्त्रज्ञांना दिसलं, की दोन धातू लावल्यावर मेलेल्या बेडकाचा पाय हलतो. त्यांना वाटलं, वीज बेडकात आहे. व्होल्टांना ते पटेना. वीज दोन वेगळ्या धातूंमुळे येते, असं त्यांचं मत होतं. ते सिद्ध करण्यासाठी त्यांनी जस्त आणि चांदीच्या चकत्या एकावर एक रचल्या. मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले तुकडे ठेवले. बेडूक नसतानाही वीज वाहू लागली! १८०० मध्ये त्यांनी हा शोध लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने कळवला.

पण चकत्यांची उतरंड उंच झाली, की वजनाने खालचे तुकडे पिळले जात. खारं पाणी बाहेर ओघळे आणि वीज वाया जाई. व्होल्टांनी दुसरीही एक रचना केली होती. तीत खारं पाणी वेगवेगळ्या पेल्यांत ठेवून ते पेले धातूच्या पट्ट्यांनी जोडले होते.

१८०१ मध्ये त्यांनी नेपोलियनसमोर प्रयोग दाखवला. ५ मार्च १८२७ रोजी त्यांचे निधन झाले. विद्युत दाबाचे एकक 'व्होल्ट' त्यांच्याच नावावरून आले.

आजच्या सेलमध्ये रसायन बंद डब्यात असतं. पण साध्या सेलचा जस्ताचा डबा वापरताना झिजतो आणि शेवटी त्याला भोक पडतं. अल्कलाइन सेलमध्ये आत वायू साठून रसायन बाहेर येतं. म्हणून :

• वस्तू ठेवून देताना सेल काढून ठेवा.
• जुने-नवे सेल एकत्र घालू नका.
• गळलेल्या सेलला उघड्या हाताने शिवू नका, मोठ्यांना सांगा. त्यांनी हातमोजे घालावेत. अल्कलाइन सेलची पांढरी पूड व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसात बुडवलेल्या कापसाने पुसावी. मग जागा ओल्या फडक्याने पुसून पूर्ण कोरडी करावी.
• सेल जाळू नका.

व्होल्टांच्या शोधाला जपायचं, तर सुरुवात घरातल्या टॉर्चपासून करूया. आज घरी जाऊन एकदा उघडून बघाच!