आकाशाचा पहारेकरी : सर रॉबर्ट वॉटसन-वॉट

पूर्वी शत्रू येत असे तो जमिनीवरून किंवा समुद्रावरून. म्हणून आपल्या पूर्वजांनी माहूरगडासारखे डोंगरी किल्ले बांधिले, बुरुजांवर पहारे बसविले आणि दूरवर धूळ उडताना दिसताच गडावर इशारत पोहोचावी अशी व्यवस्था केली. बायबलातील यहेज्केल संदेष्ट्यानेही तटावरील पहारेकऱ्याची जबाबदारी मोठ्या गंभीरपणे वर्णिली आहे. तरवार येताना पाहूनही जो रणशिंग फुंकीत नाही, त्याच्या माथी नगरातील रक्ताचा दोष येतो. परंतु विसाव्या शतकात विमान निघाले आणि तटाचे व बुरुजाचे महत्त्व लयास गेले. रात्रीच्या अंधारातून, ढगांच्या आडून, ताशी दोनशे मैलांच्या वेगाने येणाऱ्या शत्रूची चाहूल पहारेकऱ्यास लागावी तरी कशी ? ह्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात ज्यांनी अग्रभागी राहून कार्य केले, त्या सर रॉबर्ट वॉटसन-वॉट ह्यांचे चरित्र प्रत्येक विद्यार्थ्याने मनन करण्याजोगे आहे.

रॉबर्ट ह्यांचा जन्म ता. १३ एप्रिल १८९२ रोजी स्कॉटलंडातील ब्रेचिन नावाच्या लहानशा गावी झाला. त्यांचे वडील सुतारकाम करीत. घरची स्थिती साधारण होती. पण मुलगा बुद्धिमान निघाला आणि शिष्यवृत्ती मिळवून डंडी येथील कॉलेजात दाखल झाला. १९१२ साली इंजिनियरिंगची पदवी मिळाल्यावर पदार्थविज्ञानाचे अध्यापक पेडी ह्यांनी त्यांस आपला साहाय्यक नेमिले व बिनतारी विद्येची गोडी लाविली. गुरूने योग्य वेळी दाखविलेली एक वाट शिष्याच्या साऱ्या आयुष्यास कसे वळण देते, ह्याचे हे उत्तम उदाहरण होय.

१९१५ साली, पहिले महायुद्ध चालू असता, ते हवामान खात्यात रुजू झाले. त्या काळची विमाने नाजूक असत व वादळात सापडली तर वैमानिकांचा जीव धोक्यात येई. वीज चमकते तेव्हा तिच्यापासून बिनतारी लहरीही निघतात. आपल्या रेडिओत पावसाळ्यात जो खरखराट होतो तो त्यांचाच. ह्या लहरी कोणत्या दिशेने आल्या हे टिपता आले, तर वादळ कोठे आहे हे आधीच कळेल, अशी त्यांची कल्पना होती. अडचण एवढीच, की वीज क्षणार्धात नाहीशी होते. तिचा मागोवा घेण्यास आकाशतार फिरवावी तोवर ती गेलेली असे. तेव्हा त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ऋणकिरण-नलिकेचा, म्हणजे जिच्या काचेच्या पडद्यावर प्रकाशाचा ठिपका हालतो अशा नळीचा, उपयोग केला. वीज चमकताच तिची दिशा पडद्यावर रेषेच्या रूपाने दिसू लागली. पुढे ह्याच नळीने इतिहास घडविला.

ह्यानंतर वीस वर्षांनी युरोपावर पुन्हा युद्धाचे सावट पसरू लागले. बाँबफेकी विमानांपुढे कोणाचाही इलाज चालणार नाही, असे मोठमोठे मुत्सद्दी उघड बोलू लागले. इंग्लंडच्या किनाऱ्यावर काँक्रीटच्या प्रचंड वक्र भिंती उभारून विमानांचा आवाज पकडण्याचे प्रयोग झाले होते. पण जवळून गाडी गेली तरी तिच्या घरघरीत विमानाचा आवाज लोपून जाई, आणि इशारा मिळे तोही अवघ्या काही मिनिटांचा. अशा वेळी लोकांत मृत्युकिरणाच्या वदंता पसरल्या. शंभर यार्डांवरील मेंढी अदृश्य किरणाने मारून दाखविणारास एक हजार पौंडांचे बक्षीस देण्याची तयारी हवाई खात्याने ठेविली होती. परंतु ते कोणासही मिळाले नाही.

१९३५ च्या आरंभी हवाई खात्याने वॉटसन-वॉट ह्यांस विचारिले, की बिनतारी लहरींच्या योगे विमान पाडता येईल काय ? त्यांनी हा प्रश्न हसण्यावारी नेला नाही, की अधिकाऱ्यांस बरे वाटावे म्हणून होकारही दिला नाही. आपले तरुण साहाय्यक आर्नोल्ड विल्किन्स ह्यांस त्यांनी एक साधे गणित घातले : पाच किलोमीटर अंतरावर असलेले आठ पाइंट पाणी ९८ अंशांपासून १०५ अंशांपर्यंत तापविण्यास किती शक्ती लागेल ? माणसाच्या अंगातील रक्त तितकेच असते, व तेवढा ताप चढला तर वैमानिक निकामी होईल, हा त्यातील मतलब. विल्किन्स ह्यांनी आकडेमोड करून दाखविले, की इतकी शक्ती निर्माण करणे अशक्य आहे. मृत्युकिरणाचा निकाल लागला. परंतु तेवढ्यावर गोष्ट संपली नाही. मग हवाई खात्यास दुसरी काय मदत करिता येईल, असे त्यांनी विचारिले असता विल्किन्स ह्यांस आठवले, की जवळून विमान गेले म्हणजे बिनतारी संदेश थरथरतात, अशी नोंद पोस्ट खात्याच्या इंजिनियरांनी केलेली आहे. म्हणजे विमानावर आपटून लहरी परततात ! मारणे साधत नाही, पण पाहणे तर साधेल. विज्ञानाच्या इतिहासात असे वारंवार घडते, की विचारलेल्या प्रश्नास नकार मिळतो आणि त्या नकारातूनच खरा प्रश्न हाती येतो.

ह्यातील तत्त्व माहूरच्या मुलास समजावून देण्यास फार सायास नकोत. डोंगरातील एखाद्या कड्यासमोर उभे राहून हाक मारावी; दोन सेकंदांनी प्रतिध्वनी आला तर कडा सुमारे ३४० मीटरांवर आहे असे समजावे, कारण ध्वनी एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो आणि त्यास जाऊन परत यावयाचे असते. बिनतारी लहर हीही एक हाकच आहे. मात्र ती सेकंदास तीन लक्ष किलोमीटर धावते. दीडशे किलोमीटरांवरील विमानाचा प्रतिध्वनी एका सेकंदाच्या सहस्रांशात परत येतो. इतका सूक्ष्म काळ मोजण्यास घड्याळ निरुपयोगी. ती प्रकाशाच्या ठिपक्याची नळीच पाहिजे. विजेसाठी केलेला अभ्यास असा कामास आला.

हवाई दलाचे अधिकारी डाउडिंग ह्यांनी पैसा मंजूर करण्यापूर्वी प्रत्यक्ष प्रमाण मागितले, व ते योग्यच होते. ता. २६ फेब्रुवारी १९३५ रोजी डॅव्हेंट्री येथील बी. बी. सी. च्या प्रक्षेपणकेंद्राजवळ एका शेतात यंत्र घेऊन वॉटसन-वॉट, विल्किन्स व हवाई खात्याचे प्रतिनिधी रो उभे राहिले. हेफर्ड जातीचे एक विमान वरून ये-जा करू लागले. पडद्यावरील हिरवा ठिपका लांबू-आखडू लागला, आणि सुमारे आठ मैलांपर्यंत विमानाचा पत्ता लागला. त्याच वर्षाच्या अखेरीस ही कक्षा साठ मैलांवर गेली.

ह्या शोधाचे पेटंट घेण्याची तजवीजही १९३५ सालीच झाली. पेटंट म्हणजे शोधक व सरकार ह्यांमधील करारच होय : शोधकाने आपली कृती जगास सांगावी आणि मोबदल्यात काही वर्षे तिच्या उपयोगाचा हक्क त्याच्याकडे राहावा. येथे मात्र सांगण्याचा भाग राष्ट्राच्या संरक्षणास्तव थांबविणे प्राप्त झाले. ते कागद युद्ध संपेपर्यंत गुप्त राहिले. येथे हेही नमूद केले पाहिजे, की ही कल्पना एकट्याच्याच डोक्यात आलेली नव्हती. प्रतिध्वनीवरून जहाज ओळखणाऱ्या यंत्राचे पेटंट हुल्समायर ह्या जर्मन शोधकाने १९०४ सालीच मागितले होते; आणि आखूड बिनतारी लहरींचे नाजूक प्रयोग आपल्या जगदीशचंद्र बोस ह्यांनी कलकत्त्यास १८९५ च्या सुमारास करून दाखविले होते. वॉटसन-वॉट ह्यांचे श्रेय हे, की त्यांनी कल्पनेस वेळेवर उपयोगी पडणाऱ्या व्यवस्थेचे रूप दिले.

ह्या वेळेवर शब्दात त्यांच्या यशाचे सारे रहस्य आहे. सर्वोत्तम यंत्र कधीच पुरे होत नाही, त्याच्या खालचे तयार होईतो उशीर झालेला असतो. म्हणून तिसऱ्या प्रतीचे का होईना, आज चालणारे यंत्र द्यावे, असे त्यांचे सूत्र होते. हाताशी असलेल्या साहित्यातून त्यांनी समुद्रकिनाऱ्यावर उंचच उंच मनोरे उभारविले. १९३९ च्या सप्टेंबरात युद्ध सुरू झाले तेव्हा अशी सुमारे वीस ठाणी जागती होती. पडद्यासमोर बसून डोळ्यांत तेल घालून पहारा करणाऱ्यांत स्त्री-दलातील तरुणी पुष्कळ होत्या. त्यांनी दिलेली वर्दी दूरध्वनीने मध्यवर्ती कचेरीत जाई, मोठ्या नकाशावर मांडली जाई व तेथून लढाऊ विमानांस हुकूम सुटत. १९४० च्या उन्हाळ्यात जर्मन विमानांच्या टोळधाडी आल्या, तेव्हा इंग्लंडच्या थोड्या वैमानिकांस रात्रंदिवस आकाशात घिरट्या घालीत बसावे लागले नाही. शत्रू जेथे, तेथेच ते गेले.

पुढे ही यंत्रे इतकी लहान झाली, की ती विमानातच बसविता येऊ लागली. आपले विमान कोणते व परक्याचे कोणते हे ओळखण्यासाठी विमानातून आपोआप खुणेचे उत्तर देणारे यंत्रही निघाले. १९४३ च्या जानेवारीत कलकत्त्यावर रात्री आलेल्या जपानी विमानांस पाडणारी ब्यूफायटर विमाने अशाच यंत्रांनी सज्ज होती. ह्याउलट, ता. ७ डिसेंबर १९४१ रोजी पर्ल हार्बर येथे यंत्राने शत्रू दाखविला असताही वरच्या अधिकाऱ्याने ती वर्दी मनावर घेतली नाही, आणि अनर्थ झाला. पहारेकऱ्याने शिंग फुंकिले तरी ऐकणारा जागा पाहिजे. ह्या घटनेनंतर लवकरच अमेरिकेने हवाई संरक्षणाच्या बाबतीत वॉटसन-वॉट ह्यांचा सल्ला घेतला. १९४२ साली त्यांस सर हा किताब मिळाला. युद्धानंतर त्यांनी आपल्या शोधाचा मोबदला मागितला, तेव्हा त्यांस सुमारे पन्नास हजार पौंड व सहकाऱ्यांसही काही रक्कम मिळाली. परंतु विल्किन्स ह्यांचे नाव आजही फार थोड्यांच्या कानी पडते, ही हळहळ वाटण्याजोगी गोष्ट आहे. थोर पुरुषांची चरित्रे वाचताना त्यांच्या खांद्यास खांदा लावणाऱ्यांचीही आठवण ठेवावी.

उत्तर वयात ते काही काळ कॅनडात राहिले. तेथे मोटार वेगाने हाकल्याबद्दल पोलिसांनी त्यांस पकडिले ते रडारच्याच साहाय्याने. दंड भरताना त्यांस हसू आल्यावाचून राहिले नसेल. ता. ५ डिसेंबर १९७३ रोजी स्कॉटलंडातील इन्व्हर्नेस येथे त्यांचा अंत झाला. २०१४ साली त्यांच्या जन्मगावी त्यांचा पुतळा उभारण्यात आला.

विद्यार्थी मित्रहो, युद्धासाठी वाढलेली ही विद्या आज पुन्हा मूळच्या कामावर आली आहे. प्रवासी विमाने रात्री-अपरात्री निर्धास्तपणे उतरतात ती तिच्याच भरवशावर. आणि मुंबई, नागपूर येथील हवामान खात्याची रडारे ढगांवर आपटून परतलेल्या लहरींवरून पावसाची व वादळाची वर्दी देतात. वादळात सापडणाऱ्या वैमानिकांची काळजी वाहणाऱ्या त्या तरुणाने जे आरंभिले, ते असे फळास आले. अशक्य गोष्ट मागितली असता प्रामाणिकपणे अशक्य म्हणावे, पण तेथेच हात जोडून बसू नये. जे शक्य आहे ते शोधावे, आणि ते वेळेवर करावे. पैनगंगेच्या खोऱ्यातील मुलास काय किंवा ब्रेचिनच्या सुताराच्या मुलास काय, हा मार्ग सारखाच मोकळा आहे.