हातांच्या भाषेत वाढलेला नट

मैत्रिणींनो, ‘ट्रेझर आयलंड’ ही स्टीव्हन्सनची चाच्यांची आणि खजिन्याची कादंबरी तुमच्यापैकी बऱ्याच जणींना ऐकून माहीत असेल. १९२० साली अमेरिकेत मॉरिस टूर्नर यांनी तिच्यावर मूकपट काढला. त्यात जिम या पोराचं काम शर्ली मेसन या तरुणीनं केलं. आंधळा चाचा प्यू आणि आणखी एक चाचा अशा दोन भूमिका मात्र एकाच नटाच्या होत्या. तो नट म्हणजे लॉन चॅनी. या चित्रपटाची प्रत आज कुठेच उरलेली नाही.

चॅनीचा जन्म १ एप्रिल १८८३ चा, कोलोरॅडो स्प्रिंग्ज गावचा. आई-वडील दोघंही मूकबधिर. वडील न्हाव्याचं काम करायचे. आईला संधिवातानं अंथरुणाला खिळवलं, तेव्हा लॉन लहानच होता. शाळा सोडून तो तिच्याजवळ बसू लागला. गावात काय घडलं, कोण कसं चालतं, कोण कसं रागावतं, हे सगळं तो तिला हातवारे करून, चेहरा बदलून दाखवायचा. पुढे मूकपटात हीच शिदोरी कामी आली. ‘हंचबॅक ऑफ नोत्र दाम’ (१९२३) आणि ‘फँटम ऑफ द ऑपेरा’ (१९२५) मधले त्याचे भेसूर चेहरे जगभर गाजले. रंगभूषा तो स्वतःच करायचा. शाळा अर्धवट सुटलेल्या या माणसाकडून ब्रिटानिका ज्ञानकोशानं रंगभूषेवरचा लेख लिहून घेतला!

संसार मात्र सरळ नव्हता. पहिली बायको क्लेव्हा गायिका होती. १९१३ मध्ये तिनं विष घेतलं. जीव वाचला, पण गाता गळा गेला. मग घटस्फोट झाला. आई वारली असंच मुलाला सांगितलं गेलं. ती जिवंत असल्याचं त्याला कळलं ते बाप गेल्यावर. स्वतःच्या आईची एवढी सेवा करणाऱ्या माणसानं मुलाची आई अशी पुसून टाकावी, हे मनाला पटत नाही.

१९३० मध्ये त्याचा पहिला आणि एकमेव बोलपट आला. त्याच वर्षी २६ ऑगस्टला, सत्तेचाळिसाव्या वर्षी, कर्करोगानं तो गेला. शेवटच्या दिवसांत आवाज गेला होता, तेव्हा तो पुन्हा हातांनीच बोलत होता.

आपल्या आळीतही एखादी मूकबधिर आई असते. तिच्या मुलांचं कसं होणार, म्हणून आपण हळहळतो. त्यापेक्षा तिच्या दोन-चार खुणा शिकून घ्या आणि तिच्याशी बोला.